मोटरसायकल चालवताना नडगी, घोटा किंवा गुडघा वारंवार दुखतो: फुटरेस्ट, गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडलची जुळणी

लक्षणे

डाव्या पायाची तक्रार बहुधा दोन प्रकारांनी येते. पहिल्या प्रकारात वीस-पंचवीस किलोमीटर गेल्यावर नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूचा स्नायू भरून येतो, आणि लिव्हर खाली दाबताना पाय फुटरेस्टवरून पूर्ण उचलावा लागतो. याचा अर्थ लिव्हर त्या पायासाठी वर आहे. दुसऱ्या प्रकारात बुटाचा चवडा लिव्हरखाली सहज शिरत नाही, त्यासाठी टाच उचलून पंजा खाली वाकवावा लागतो. अशा गाडीत वरचा गिअर अर्धवट पडतो आणि गाडी मध्येच न्यूट्रलसारखी मोकळी धावते. तिथे लिव्हर खाली असतो. टाच आणि चवडा अशी दोन टोके असलेल्या लिव्हरमध्ये आणखी एक तक्रार असते: मागचे टोक टाचेला टोचत राहते, त्यामुळे चालक नकळत पाय पुढे सरकवून बसतो आणि मांडी आखडते.

उजव्या पायाची लक्षणे जास्त गांभीर्याने घ्यावी लागतात. ब्रेक पेडल वर असेल तर चवडा त्यावर टेकू नये म्हणून चालक पाय अधांतरी धरतो आणि उजवी नडगी दुखते. किंवा तो तसे न करता पाय पेडलवरच ठेवतो, मग मागचा दिवा सतत पेटलेला राहतो, मागचे चाक तापते आणि गाडी लिटरमागे कमी धावते. पेडल खाली असेल तर ब्रेक लागेपर्यंत घोटा पूर्ण ताणावा लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी पुढे गेलेली असते.

तळपायाला मुंग्या येणे, दोन्ही गुडघे सारखेच दुखणे आणि एकदा जुळवलेला लिव्हर महिन्याभरात पुन्हा जुन्या जागी येणे ही तीन लक्षणे वेगळी आहेत. त्यांचे मूळ लिव्हरच्या उंचीत सहसा नसते.

मी इंदूरच्या राजेंद्रनगरात राहतो. पीथमपूरच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम केले आणि नोकरीची बरीच वर्षे राऊवरून मोटरसायकलनेच ये-जा केली. त्या काळात सहकाऱ्यांच्या आणि नंतर वसाहतीतल्या शेजाऱ्यांच्या गाड्यांवर हाच एक दोष इतक्या वेळा दुरुस्त केला, की आता गाडीकडे बघण्याआधी मी माणसाच्या पायातले पादत्राण बघतो. लोक लिव्हर हलवण्यापासून सुरुवात करतात; माझ्या अनुभवात तो क्रम उलटा आहे. पाय कुठे टेकतो हे पक्के झाल्याशिवाय लिव्हर कुठे असावा हे ठरतच नाही, आणि म्हणूनच ही तक्रार पुन्हा पुन्हा परत येते.

बिनखर्चाची तपासणी: पाय, पादत्राण आणि बैठक

रोज जे घालून गाडी चालवता तेच पादत्राण घाला. पातळ तळाची चप्पल आणि कारखान्यातला सुरक्षा-बूट यांच्या चवड्याच्या जाडीत दोन ते तीन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो, आणि लिव्हरखाली शिरतो तो चवडाच. कामाच्या दिवसांत बूट आणि सुट्टीच्या दिवशी चप्पल अशी सवय असेल तर एकाच जुळणीत दोन्ही बसणार नाहीत. जुळणी बुटाला करावी, कारण पायाचे रक्षणही तोच करतो.

आता गाडी सपाट जागी दोन्ही चाकांवर सरळ उभी ठेवून कोणाला तरी समोरून हँडल धरायला सांगा आणि नेहमीसारखे बसा. मेन स्टँडवर लावून हे करू नये, कारण स्टँडवर मागचे चाक उचललेले असते, गाडीचा कल बदलतो, आणि तुमच्या वजनाने मागचे शॉकॲब्सॉर्बर जेवढे दबायला हवेत तेवढे दबत नाहीत. तळव्याचा मधला, कमानीचा भाग फुटरेस्टवर यावा, जेणेकरून टाच न हलवता चवडा लिव्हरपर्यंत आणि पेडलपर्यंत पोहोचेल. डोळे मिटून दोनदा पाय उचला आणि पुन्हा ठेवा. पाय ज्या जागी आपसूक पडतो ती त्याची खरी जागा. याच वेळी बाजूने मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवा. घोट्याचा कोन स्वतःला खाली वाकून पाहता येत नाही, कारण वाकताच तो बदलतो.

छायाचित्रात गुडघा फारच मिटलेला दिसत असेल आणि दुखतही असेल, तर लिव्हरला हात लावू नका. बैठक आणि फुटरेस्ट यांच्यातले अंतर त्या पायासाठी कमी आहे. बैठकीचा फोम बसलेला असेल तर हे अंतर आणखी कमी होते. सात-आठ वर्षे रोज वापरलेल्या गाडीत फोम दबलेला असण्याची शक्यता बरीच असते, आणि तो नव्याने भरून घेणे हे फुटरेस्ट हलवण्यापेक्षा कितीतरी सोपे आणि सुरक्षित काम आहे.

फुटरेस्टचे रबर आणि सरळपणा

रबर हाताने दाबून आणि फिरवून पाहा. झिजून गुळगुळीत झालेले रबर पाय पुढे घसरू देते, मग चालक पंजा आवळून पाय जागेवर धरतो, आणि त्यातून तळपायाला मुंग्या येतात. रबर आतल्या नळीवर फिरत असेल तरी तेच घडते. नवीन जोडीचा खर्च किरकोळ आहे. इंदूरच्या छोट्या ग्वालटोळीत सुट्या भागांच्या दुकानात गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगितले की मिळते. जुने रबर सोबत नेले तर नळीची जाडी जुळवून घेता येते.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच वगळली जाते. दोन्ही टायरांत योग्य हवा भरून गाडी सपाट फरशीवर सरळ धरा आणि दोन्ही फुटरेस्टच्या बाहेरच्या टोकांची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. तसेच दोन्ही टोके गाडीच्या मधल्या रेषेपासून सारखीच पुढे-मागे आहेत का ते वरून पाहा. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांत दोन्ही फुटरेस्ट इंजिनखालून जाणाऱ्या एकाच सळईला जोडलेले असतात, आणि गाडी उभ्या उभ्या जरी डावीकडे पडली तरी ही सळई वर किंवा मागे वाकू शकते. वाकलेला फुटरेस्ट डोळ्यांना पटकन कळत नाही, पायाला मात्र रोज कळतो. अशा गाडीचा लिव्हर कितीही वेळा जुळवला तरी समाधान होत नाही, कारण पायाचा आधारच तिरका झालेला असतो.

माझ्या शेजारच्या एका काकूंनी त्यांच्या गाडीचा लिव्हर तीन वेळा बदलवून घेतला होता. मोजून पाहिले तेव्हा डावा फुटरेस्ट उजव्यापेक्षा अठरा मिलिमीटर वर होता. सळई बदलली, लिव्हर कंपनीच्या मूळ खुणेवर परत बसवला आणि तक्रार संपली.

सळई वाकलेली निघाली तर ती तापवून सरळ करू नये. तापवल्याने धातूचा मूळ कणखरपणा जातो आणि पुढच्या धक्क्यात ती अधिक सहज वाकते किंवा तडकते. पूर्ण वजन पेलणारा हा भाग आहे. तो नवीनच घालावा.

क्लच आणि सांध्यांचे वंगण

गिअर जड पडतो म्हणून पाय दुखत असेल, तर दोष क्लचचा असू शकतो. क्लच लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळा खेळ असावा. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत नेमका आकडा असतो आणि तोच प्रमाण मानावा. खेळ याहून फार जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, आत गिअर एकमेकांवर ओढले जातात आणि पायाला दुप्पट जोर लावावा लागतो. राजवाड्याच्या गर्दीत पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करत अर्धा तास काढणाऱ्याच्या पायावर याचा किती ताण येतो ते सांगायला नको. केबलच्या टोकाचा ॲडजस्टर हाताने फिरवून हे पाच मिनिटांत ठीक होते.

त्यानंतर ब्रेक पेडल आणि, सांधा असेल तर, गिअर लिव्हर ज्या पिनेवर फिरतो ती पिन तपासा. पेडल हाताने दाबून सोडल्यावर स्वतःहून झटकन वर यायला हवे. ते रेंगाळत असेल तर पिन काढून, रॉकेलने धुऊन, पुसून ग्रीस भरा. आपल्याकडे रंगपंचमीच्या गेरीनंतर (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीनंतर) बहुतेक गाड्या जोराच्या फवाऱ्याने धुतल्या जातात. त्या फवाऱ्याने या सांध्यांतले ग्रीस निघून जाते आणि पावसाळा येईपर्यंत गंज धरतो. गेरीनंतरच्या आठवड्यात आणि पावसाळ्यानंतर असे वर्षातून दोनदा हे काम केले तर पुष्कळ त्रास टळतो.

गिअर लिव्हरची उंची

आता लिव्हरची पाळी. आधी कुठे न्यायचा ते ठरवा: पाय आपल्या जागी टेकलेला असताना, टाच न हलवता चवडा लिव्हरखाली सरकला पाहिजे आणि वर बोटभर जागा उरली पाहिजे, चवडा लिव्हरवर आणून दाबतानाही तळव्याची कमान फुटरेस्ट सोडता कामा नये. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधणारी जागा बहुधा एकच असते.

लिव्हर इंजिनमधून येणाऱ्या दांड्यावर थेट बसवलेला असेल, तर दांड्यावर आणि लिव्हरच्या भोकात बारीक दाते असतात. सुरुवातीला दांड्याच्या टोकावरची आणि लिव्हरवरची खूण पाहा; खूण नसेल तर खडूने किंवा रंगाच्या ठिपक्याने स्वतः करा, म्हणजे पसंत न पडल्यास मूळ जागी परतता येईल. मग बहुधा दहाच्या पान्याने लिव्हरचा आवळणारा बोल्ट काढा. तो नुसता सैल करून भागत नाही: अनेक गाड्यांत हा बोल्ट दांड्यावरच्या खाचेतून जातो आणि पूर्ण बाहेर काढल्याशिवाय लिव्हर निघत नाही. लोक इथे हातोडी घेतात. दांड्यावर पडलेला हातोडीचा घाव आतल्या गिअर बदलणाऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचतो, म्हणून गंज सोडवणारे तेल टाकून अर्धा तास थांबावे, लिव्हरच्या चिरेत चपटा स्क्रू-ड्रायव्हर किंचित फिरवून ती जराशी उघडावी आणि लिव्हर हाताने हलवत सरळ बाहेर ओढावा.

एक दाता सरकवला की लिव्हरच्या टोकाशी दोन ते तीन सेंटिमीटरचा फरक पडतो. हे पुष्कळ आहे, म्हणून एका वेळी एकच दाता. बसवताना लिव्हर पूर्ण आत गेला पाहिजे, कारण अर्धेच दाते धरले तर काही आठवड्यांत ते घासून जातात, आणि लिव्हर “आपोआप” खाली येतो तो यामुळेच. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर एवढीच घट्ट आवळणी लागते; लांब पाना लावून पूर्ण अंगाचा जोर दिला तर लिव्हरमधले आटे जातात. पन्नासेक किलोमीटर चालवल्यावर बोल्ट एकदा पुन्हा तपासावा.

टाच-चवडा प्रकारच्या लिव्हरला दोन्ही टोके एकत्र हलतात. पुढचे टोक वर घेतले की मागचे खाली जाते, त्यामुळे इथे जुळणीला वाव कमी असतो. मोठ्या मापाचा बूट घालणाऱ्याने दोन्ही टोकांतले अंतर आधी मोजावे. पाय त्यात मावतच नसेल तर दाते बदलून उपयोग नाही.

काही गाड्यांत लिव्हर वेगळ्या पिनेवर फिरतो आणि बारीक सळईने इंजिनच्या दांड्याला जोडलेला असतो. ही रचना जुळवायला अधिक सोयीची आहे. सळईच्या दोन टोकांपैकी एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून दोन्ही लॉकनट सैल करून सळई जागच्या जागीच फिरवली की ती लांब किंवा आखूड होते. उलट्या आट्याचा लॉकनटही उलटाच सुटतो. तो सुटत नाही म्हणून जोर लावणारे त्याला अधिकच आवळत असतात. अर्धा फेरा फिरवून बसून पाहावे. सळईची टोके दोन्ही बाजूंना आट्याच्या व्यासाच्या किमान दीडपट आत राहिली पाहिजेत, त्याहून बाहेर आली तर चालत्या गाडीत सांधा निखळू शकतो. तेवढ्यात हवी ती उंची मिळत नसेल तर सळई मूळ लांबीवर आणून इंजिनच्या दांड्यावरचा तुकडा एक दाता सरकवावा.

काम झाल्यावर गाडी मेन स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, एका हाताने मागचे चाक फिरवत दुसऱ्या हाताने सगळे गिअर वर-खाली टाकून पाहा. लिव्हर कोणत्याही टोकाला इंजिनच्या झाकणाला, साइड स्टँडला किंवा फुटरेस्टला लागता कामा नये. तो कुठे अडला तर गिअर पूर्ण पडत नाही आणि धावत्या गाडीत सुटतो.

ब्रेक पेडल

इथे क्रम पाळणे अत्यावश्यक आहे: आधी पेडलची उंची, नंतर मोकळा खेळ, शेवटी दिव्याचा स्विच. उंची बदलली की खेळ बदलतो आणि या दोहोंमुळे स्विचही हलतो, म्हणून मधूनच सुरुवात करणाऱ्याला तेच काम दोनदा करावे लागते. आणि जो अर्ध्यावर सोडतो त्याचा दिवा तरी चुकीच्या वेळी पेटतो किंवा ब्रेक तरी घासत राहतो.

ड्रम ब्रेकच्या गाडीत पेडलखाली थांबा देणारा बोल्ट असेल तर त्याने उंची ठरवा. चवडा पेडलच्या वर, अगदी जवळ, पण न टेकता राहिला पाहिजे. असा बोल्ट नसेल तर पेडल वाकवून उंची बदलू नका. मग मागच्या चाकाजवळ सळईच्या टोकाचा नट फिरवून पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर खेळ ठेवा. त्या नटाची अर्धगोल खाच आर्मच्या पिनेवर नीट बसली आहे ना हे पाहावे. चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. ड्रमच्या आर्मजवळ (सळई ओढते त्या दांडीजवळ) बाण असतो. पेडल पूर्ण दाबल्यावर तो शेवटच्या खुणेपर्यंत पोहोचत असेल तर ब्रेक शू संपले आहेत. अशा वेळी आर्म काढून दात्यांवर पुढे सरकवून बसवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती धोक्याची आहे: शू पसरवणारा आतला कॅम गरजेपेक्षा जास्त फिरून अडकू शकतो आणि चाक जाम होऊ शकते. शू बदलणे एवढाच मार्ग आहे.

स्विच जुळवताना त्याचे अंग एका हाताने धरून फक्त नट फिरवावा, नाहीतर आतल्या तारा पिळल्या जातात. ब्रेक धरू लागण्याच्या किंचित आधी दिवा पेटावा.

डिस्क ब्रेकच्या गाडीत पेडलची उंची मास्टर सिलिंडरच्या (ब्रेकच्या तेलावर दाब देणाऱ्या पंपाच्या) पुश-रॉडवरून, म्हणजे पिस्टन ढकलणाऱ्या सळईवरून, बदलते, आणि इथे मी फार सावध असतो. रॉड आणि पिस्टन यांच्यात अगदी थोडा, पण हाताला जाणवेल इतका खेळ राहिलाच पाहिजे. तो संपला तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तेल टाकीत परतण्याचे छिद्र झाकलेलेच राहते, तापून फुगलेल्या तेलाला जायला वाट उरत नाही आणि पॅड स्वतःहून डिस्क आवळू लागतात. शहरात हे लक्षात येत नाही. सिमरोलच्या पुढे घाट उतरताना, ब्रेक तापल्यावर लक्षात येते, आणि ती लक्षात येण्याची जागा नव्हे. रॉडचे टोक क्लेव्हिसच्या (रॉड पेडलला जोडणाऱ्या दुबेळक्याच्या) आत दिसत राहील इतकेच फिरवावे आणि लॉकनट आवळावा.

कोणत्याही ब्रेकवर काम केल्यानंतर आधी रिकाम्या गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने, मग थोड्या अधिक वेगाने ब्रेक लावून पाहावा. पाच-सहा किलोमीटर पेडलला न शिवता चालवून थांबावे आणि हात चाकाच्या मध्याजवळ, न टेकवता, न्यावा. तिथे धग जाणवली तर ब्रेक घासतो आहे. खेळ पुन्हा तपासावा.

कुठे थांबावे

लिव्हर घट्ट आवळूनही दांड्यावर हलत असेल तर दाते गेले आहेत. लिव्हरचे गेले असतील तर नवीन लिव्हर स्वस्तात मिळतो. दांड्याचे गेले असतील तर इंजिन उघडावे लागते आणि ते काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे. लिव्हर दांड्याला वेल्डिंग करून देण्याचा प्रस्ताव आला तर ठामपणे नाही म्हणा. माझ्या एका सहकाऱ्याला एका गॅरेजने तसे करून दिले होते. वेल्डिंगच्या उष्णतेने ऑइल सील जळाले, तेल गळू लागले, आणि पुढे मॅग्नेटोचे (इंजिनमधल्या वीज बनवणाऱ्या भागाचे) झाकण काढण्यासाठी लिव्हर कापावा लागला. दांड्याच्या मुळाशी तेल दिसत असेल किंवा तो हाताने वाकडा फिरताना दिसत असेल तरीही स्वतःचे काम तिथेच थांबवा.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी जोडणी) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. सीबीएसच्या गाडीत मागचे पेडल पुढचा ब्रेकही ओढते, आणि दोन्हींचा मेळ प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळा असतो. अशा गाडीची पेडलची उंची किंवा खेळ अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच जुळवून घ्यावा. डिस्क ब्रेकचे पेडल दाबताना मऊ, स्पंजासारखे लागत असेल तर तेलात हवा आहे, आणि ती काढण्याचा सराव नसेल तर गाडी चालवून न नेता मेकॅनिकला घरी बोलवावे.

फुटरेस्टची जागाच बदलायची असेल, पुढे किंवा मागे न्यायची असेल, तर त्याच मॉडेलसाठी तयार केलेला, बोल्टने बसणारा संच जाणकाराकडून बसवून घ्यावा. चासीला पट्ट्या वेल्ड करून फुटरेस्ट सरकवू नये, कारण त्या सांध्यावर खड्ड्यात चालकाचे पूर्ण वजन एकाच झटक्यात येते.

आणि सगळे मोजून, जुळवून झाल्यावर पंधरा दिवसांनीही गुडघा किंवा घोटा दुखत असेल, पायाला सूज असेल, किंवा गाडीवर नसतानाही मुंग्या येत असतील, तर पाना बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे.